बेबीताईचा सस्ता रोल

अकोल्याच्या जुन्या शहरात बेबीताई खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी अडकवून निघाली, की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं हळूच उठून घरात जातात. एरवी ज्यांना उठायला दोघांचा आधार लागतो, तीही त्या वेळी आपापली उठतात. कारण बाईचा धंदा साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. ती माणसाचा जिवंतपणीच असा फोटो काढून ठेवते, की पुढे त्याला नुसता हार घातला की काम भागतं.

आता यात तिचं काही चुकत नाही. माणूस गेल्यावर घरची मंडळी फोटो शोधायला लागतात आणि हाती काय लागतं, तर आधार कार्ड. ते मोठं करून घेतलं की आयुष्यभर कुणाचं एक कणीस न उपटलेला माणूस पोलिसांनी शोधून आणल्यासारखा दिसतो. नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला फोटो सापडतो. त्यात आजोबांच्या बाजूला परक्या बाईचा खांदा असतो आणि हातात गुलाबजामची वाटी. तोच तेरवीला टेबलावर ठेवावा लागतो. बेबीताई हे लोकांना तोंडावर सांगते. "बुढा धड हाय तवर काढून घ्या जी. मंग आधार कार्डावरचा चोर लटकवसान भिताडावर." लोक शिव्या देतात आणि पुढच्या आठवड्यात बोलावतात.

फोटो काळा-पांढराच हवा असतो. घरोघरी भिंतीवर आजोबा आधीच काळे-पांढरे होऊन बसलेले आहेत; त्यांच्या शेजारी आजी रंगीत लावली, तर ती नुकतीच जत्रेतून आल्यासारखी दिसते. मोबाइलवरही काळा-पांढरा होतो, नाही असं नाही, पण बेबीताईच्या मते तो राखेनं घासलेल्या भांड्यासारखा दिसतो. म्हणून ती अजून रोलवरच काढते. स्टुडिओ तिच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, उघडला होता. उघडला एवढंच. मग ते पानठेल्यावर बसून देशाचा कारभार पाहू लागले आणि फोटो बेबीताई काढू लागली. वामनराव गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यांचा हारातला फोटो तिनंच काढलेला आहे. त्यात त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले आहेत, म्हणजे फोटो अगदी हुबेहूब आहे.

तिचा रोल सस्ता. एका मोठ्या डब्यातून लांबच लांब फिल्म येते. ती खोलीची दारं-खिडक्या बंद करून, वर गोधडी पांघरून, अंधारात हातानं कापते आणि जुन्या रिकाम्या डब्यांमध्ये गुंडाळून भरते. त्या फिल्मवर चारशेचा आकडा छापलेला असतो, म्हणजे कमी उजेडातही चालेल असा कंपनीचा दावा. बेबीताई तो दोनशेच धरते. स्थळ सांगताना मुलाचा पगार सांगतात तसाच हा आकडा, निम्मा धरला की फसगत होत नाही, असं तिचं म्हणणं. महागड्या परदेशी फिल्मचं नाव काढलं की ती नाक मुरडते. अर्धा चेहरा झेंडूखाली जाणार, मग इंग्लंडहून फिल्म आणून दाखवायची कुणाला?

तिची आणखी एक रीत आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसासमोर कॅमेरा धरला की ते खांब होतं. मान ताठ, हात गुडघ्यावर आणि डोळे असे, की जणू तहसीलदार पंचनाम्याला आलाय. म्हणून बेबीताई दोन कॅमेरे नेते. एक जुना, जड, रशियन. त्याला ती "खोटा" म्हणते, कारण त्यात रोल नसतो. आधी तो समोर धरून ती खटाखट बटण दाबत राहते आणि तोंडानं गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढते. त्या खडखडाटाला माणूस सरावलं, सैल झालं, की मग खरा कॅमेरा उचलायचा. यात रोल वाया जात नाही आणि माणूस माणसासारखं दिसतं.

या सगळ्यावर नाक मुरडणारा माणूस अमरावतीला राहतो. मोरोपंत. कायद्याचे निवृत्त प्राध्यापक आणि बेबीताईच्या थोरल्या बहिणीचे, कौशल्याबाईंचे व्याही, आमच्या बोलीत इवाई. म्हणजे मोरोपंतांच्या मुलानं, स्वानंदनं, कौशल्याबाईंच्या नातीशी, प्रणालीशी, लग्न केलं. पोरांनी आधी ठरवलं आणि मोठ्यांना नंतर कळवलं, तेव्हा दोन्ही घरं सहा महिने फुगून बसली होती. मग नातू झाला आणि सगळे एकदम शहाणे झाले. निवृत्तीनंतर मोरोपंतांना रोलवरच्या फोटोंचं वेड लागलं. त्यांच्या फ्रिजमध्ये इंग्रजी फिल्मच्या डब्या असतात, आणि श्रीखंड कुठे ठेवायचं हा बायकोचा प्रश्न असतो. त्या फिल्मबद्दल बोलताना त्यांचे डोळे मिटतात.

नातवाच्या बारशाला दोघांची जुंपली. "बेबीताई, माझ्या फिल्मवर सावलीतसुद्धा तपशील दिसतो," मोरोपंत म्हणाले.

"सावलीत काय पाहाचं हाय, इवाईबुवा? तिथं माठ हाय."

"माठही दिसला पाहिजे."

"माठाचा फोटो लावता काय भितीवर?"

पाळण्यापाशी बसलेल्या बायका हसल्या. मोरोपंत वकिली शिकवलेले गृहस्थ, ते पुराव्यावर आले. अमरावतीत त्यांच्यासारख्याच दहा-बारा रिकामटेकड्यांचं मंडळ आहे. त्या मंडळापुढे दोन फोटो ठेवायचे. चेहरा एक, ऊन एक, बसायची जागा एक. एक फोटो महागड्या फिल्मवर, एक बेबीताईच्या सस्त्या रोलवर. कुठला कशावर, ते कुणाला सांगायचं नाही. मंडळींनी ठरवावं. बेबीताई म्हणाली, ठरवा. मग मोरोपंत म्हणाले, "आणि चेहरा कौशल्याबाईंचा. इतका बोलका चेहरा अख्ख्या जिल्ह्यात नाही."

यावर बेबीताई पाळण्याची दोरी हाती घेऊन झोका देऊ लागली. ते पाहून बायका आणखी हसल्या. त्यांना वाटलं, हरली.

गोष्ट तशी नव्हती. बेबीताईची आई ती रांगत असतानाच गेली आणि कौशल्याबाईनं तिला कडेवर घेऊन वाढवलं. कापूस वेचायला जातानाही कडेवर. बेबीताईला आई म्हटलं की बहिणीचाच चेहरा आठवतो. पुढे कौशल्याबाई तिवशाला नांदायला गेली, पण दिवाळी झाली की अकोल्याला बहिणीकडे राहायला यायची आणि स्टुडिओच्या पडद्याआड बसून मजा पाहायची. खोट्या कॅमेऱ्यापुढे सावकार-पाटील मिशांवर ताव देऊन बसले, की ही आत पदर तोंडात कोंबून हसायची.

मग नत्थुजी गेले. नत्थुजी म्हणजे कौशल्याबाईचे यजमान. धडधाकट माणूस. बेबीताई तिवशाला गेली असताना त्यांनी स्वतःहून खुर्ची अंगणात आणली आणि म्हणाले, काढ माझाही एक, पण हार झेंडूचा घालायला सांग, गुलाबानं मला शिंका येतात. तिनं काढला. महिना झाला नाही, तर नत्थुजी तुरीच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले ते उठलेच नाहीत. तेरवीला तोच फोटो टेबलावर होता, झेंडूच्या हारात. कौशल्याबाईनं फोटोकडे पाहिलं नाही. साऱ्या भावकीसमोर ती बेबीताईला म्हणाली, "तुह्या सस्त्या रोलानं माहा मानूस खाल्ला."

त्यानंतर दोघींचं बोलणं तुटलं, असं काही झालं नाही. बेबीताई गेली की ताटात भाकरी पडायची, निघताना पिशवीत तुरीची डाळ पडायची. पण पिशवीतून कॅमेरा निघाला की कौशल्याबाईचा पदर तोंडावर यायचा. जग बेबीताईला यमाची एजंट म्हणतं आणि ती जगाबरोबर हसते. बहिणीचं ते एक वाक्य मात्र तिला हसण्यावारी नेता आलं नाही. सात-आठ वर्षं ते तिच्या मनात सलत होतं. आता कौशल्याबाई ऐंशीच्या पुढे गेली होती आणि यंदाच्या पावसाळ्यात आजारी पडून निम्मी झाली होती. अर्ध्या जिल्ह्याची म्हातारी माणसं भिंतीवर बसवणाऱ्या बेबीताईकडे स्वतःच्या बहिणीचा एक फोटो नव्हता. उद्या काही झालं तर तिच्यासाठीही आधार कार्डच होतं. आणि ते वाक्य तसंच राहणार होतं.

मोरोपंतांनी स्वतः फोन करून कौशल्याबाईला विचारलं आणि ती हो म्हणाली. नातीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बेबीताईनं गोधडी पांघरून सस्ता रोल भरला. दोन फिल्मना दोन कॅमेरे लागणार म्हणून चांगला कॅमेरा मोरोपंतांच्या फिल्मसाठी रिकामा ठेवला आणि सस्ता रोल त्या जुन्या रशियनमध्ये घातला. सकाळची एसटी धरली आणि अमरावतीला मोरोपंतांना घेऊन तिवशाला पोचली.

कौशल्याबाई अंगणात निंबाखाली तयार होऊन बसली होती. सुनेनं नवं लुगडं नेसवलेलं, कवळी बसवलेली. तिनं आधी व्याह्यांना चहा पाजला आणि मग अट घातली. "एकच काढजा. थो बी इवाईबुवाच्या रोलावर. थो इंग्लंडचा हाय, थो मले ओळखत नाही. तुह्या सस्त्या रोलात मी येत नाही, बेबी. सांगून ठेवतो."

मोरोपंतांचा चेहरा पडला. फोटो एकाच फिल्मवर, मग तुलना कशाची करायची? पण व्याहीणबाईंशी वाद घालण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. ते खिशातून उजेड मोजायचं यंत्र काढून निंबाभोवती फिरू लागले. बेबीताईनं मान हलवली, ठीक आहे म्हणाली आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं पिशवीतून आधी रशियन उचलला. "घाबरू नोको, हा खोटा हाय. तुले मालूमच हाय." यात तिची काही चलाखी नव्हती. खोटा म्हणजे रिकामा, हे तिच्या हातांना इतकं पाठ होतं, की कालची गोधडी तिच्या डोक्यातून साफ गेली होती.

खोटा पाहिला आणि कौशल्याबाई सैलावली. तिनं पहिल्यांदा काय केलं, तर कवळी काढून पदराच्या गाठीत बांधली. "ही सून मले घोड्यावानी दात बसवते," म्हणाली. मग तिनं व्याह्यांची नक्कल केली. मोरोपंत पाठमोरे होऊन झाडाच्या बुंध्याला यंत्र लावत होते आणि ही इकडे हातात चमचा धरून त्यांच्यासारखीच मान वाकडी करून हवेतला उजेड मोजत होती. "निंबाले ताप हाय म्हना," ती म्हणाली आणि स्वतःच बोळकं उघडून हसली. बेबीताई बटण दाबत होती, अंगठ्यानं खटका ओढत होती, पुन्हा दाबत होती. हसून हसून तिचेही हात हलत होते.

आणि मग तिला ते दिसलं. कॅमेऱ्यात रोल असला की उजवीकडचा खटका ओढताना डावीकडची चकती फिरते. रोल नसला की ती जागची हलत नाही. चकती फिरत होती.

बेबीताईला गोधडी आठवली, काल संध्याकाळ आठवली. आत सस्ता रोल होता, तोच, नत्थुजींना खाल्लेला. थांबायला हवं होतं. कॅमेरा खाली ठेवून, बाई, चुकलं, असं सांगायला हवं होतं. पण समोर कौशल्याबाई हसत होती. नत्थुजी गेल्यापासून या भिंगासमोर तिनं पदराखेरीज काही दाखवलं नव्हतं आणि आता सगळं तोंड उघडून हसत होती. बेबीताईनं डावा तळवा चकतीवर ठेवला आणि ती दाबत राहिली. रोल संपेपर्यंत दाबत राहिली.

रोल संपला तसा तिनं रशियन पिशवीत टाकला. कौशल्याबाईनं गाठ सोडून कवळी बसवली, पदर सारखा केला आणि बहिणीकडे पाहून विचारलं, "झालं नं तुह्यं?"

"झालं," बेबीताई म्हणाली.

मग मोरोपंतांच्या देखरेखीखाली इंग्लंडचा फोटो झाला. हनुवटी किंचित वर, खांदा जरासा इकडे, नजर दूर. कौशल्याबाईनं सगळं ऐकलं आणि सांगितलं तसं दूर पाहिलं.

अकोल्याला येऊन बेबीताईनं आधी महागडी फिल्म धुतली. मोरोपंतांनी औषध किती, पाणी किती थंड, किती हलवायचं, हे सगळं लिहून दिलं होतं आणि तिनं इमानदारीनं तसं केलं. प्रिंट निघाली आणि तिला मान्य करावं लागलं. लुगड्याचा धागा न् धागा दिसत होता. कानातली फुलं, गालावरच्या सुरकुत्या, मागच्या सावलीतली रांजणाची कड, सगळं जागच्या जागी. फक्त मधोमध जी बाई बसली होती, ती कोर्टाच्या निकालाची वाट पाहत असल्यासारखी वाटत होती.

सस्ता रोल तिनं नेहमीसारखाच धुतला, आमच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं, आणि शेवटचं विसळणं प्यायच्या पाण्यात. कागद ट्रेमध्ये बुडवला. ठिपक्याठिपक्यांचा दाणा हा असा ज्वारीसारखा. सावल्या डांबर. उन्हातले पांढरे केस कुठे संपतात आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं, कारण सस्त्या फिल्मला उजेड धरून ठेवता येत नाही, तो पसरतो. आणि त्या पसरलेल्या उजेडात बहीण वर आली. बोळकं उघडं, डोळे बारीक, हातात चमचा. बेबीताई लाल दिव्याखाली स्टुलावर बसली आणि रडली. आपल्याला ती किती हवी आहे, हे तिला तिथं कळलं, आणि आपण तिला फसवलंय, हेही.

दुसऱ्या दिवशी ती अमरावतीला उतरली आणि मोरोपंतांसमोर दोन्ही प्रिंट ठेवल्या. त्यांनी आपली पाहिली आणि मान डोलावली. दुसरी हातात घेतली. "दाणा फार आहे," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "सावलीत काहीच नाही हो." पण प्रिंट काही खाली ठेवेनात. चहावर साय आली. तिनं चकतीचं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "मंडळाचं राहू द्या. कौशल्याबाईंना माहीत नसताना हा कुणालाही दाखवायचा नाही. आधी तिवशाला जा."

ती गेली. कौशल्याबाई अंगणात तूर पाखडत होती. बेबीताईनं आधी इंग्लंडचा फोटो दिला.

"ही कोन?"

"तू."

"मले वाटलं, इवाईबुवाची माय." तिनं तो बाजूला ठेवला.

मग दुसरा. तो तिनं हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. सुपातली तूर तशीच राहिली.

"बाई, त्याच्यात रोल होता," बेबीताई म्हणाली. "मी इसरली होती. मंग मंधातच मालूम पडलं मले."

"अन् तरी काढत राहिली."

"हो."

"काहून?"

"तू हासून राहिली होती."

कौशल्याबाईनं पदरानं फोटोवरची धूळ पुसली. नसलेली धूळ पुसली. मग म्हणाली, "चकतीवर हात ठेवला तू. पन त्याच्या आंधीच मले फिरतानी दिसली होती. इतके साल पडद्यामांगं बसली मी, मले नाही समजत काय, कवा खरा अन् कवा खोटा?"

बेबीताई सुपाशेजारी खाली बसली. "मंग उठून काहून नाही गेली?"

"म्हटलं, बेबी माहा फोटो काढून राहिली. काढू दे."

आतून सुनेच्या भांड्यांचा आवाज येत होता. कौशल्याबाईनं सूप उचललं, दोनदा पाखडलं आणि पुन्हा मांडीवर टेकवलं.

"तुह्या भाऊजीचं मी म्हनलं होतं, रोलानं खाल्लं म्हून. रोल काय खाते बाप्पा मानसाले? पन तवा कोनावर तरी राग काढाचाच होता मले. तूच जवळ होती."